कातळाखाली कातळ

एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यातल्या एखाद्या वस्तीवर बोअरची गाडी लागली, की दहा-वीस माणसं न बोलावता जमतात. गाडी बहुधा तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची असते, तिच्यावरची पोरंही तिकडचीच. कॉम्प्रेसर सुरू झाला की बोलणं थांबतं आणि हातवारे सुरू होतात. भोकातून आधी काळी माती उडते, मग पिवळट मुरूम, आणि मग राखेसारखी करडी भुकटी. जवळच्या लिंबाचा पाला बघता बघता पांढरा होतो. शेताचा मालक उकिडवा बसून ती भुकटी चिमटीत चोळत राहतो. मधेच भुकटी तांबडी येते. 'गेरू लागला,' कुणीतरी म्हणतं. थोड्या वेळाने पुन्हा करडी. दोनशे फूट, अडीचशे, तीनशे.

'काय म्हणतंय?'

'काळाच चालू आहे अजून.'

अशा वेळी गर्दीतलं एखादं पोर हमखास विचारतं, 'आजोबा, या दगडाच्या खाली काय असतं?' आजोबांचं लक्ष पाण्याकडे. 'खाली? कातळ.' 'आणि कातळाच्या खाली?' 'कातळच की रे! गप उभा राहा.'

पोराला हे उत्तर पटत नाही. शाळेच्या पुस्तकात त्याने पृथ्वीची फोड पाहिलेली असते. वर पातळ तपकिरी साल, तिच्याखाली लालभडक जाड थर, मध्ये पिवळा गोळा. लाल म्हणजे वितळलेलं, हे कुणी शिकवावं लागत नाही. त्यामुळे आपण सगळेच डोक्यात एक चित्र घेऊन मोठे होतो: पायाखाली दगडाची एक पापडी, आणि तिच्याखाली उकळत्या लाव्हाचा समुद्र. ज्वालामुखी म्हणजे त्या पापडीला पडलेलं भोक. हे चित्र चुकीचं आहे. ते कसं चुकीचं आहे आणि खरं काय आहे, हे माणसाला कळलं ती गोष्ट मोठी मजेदार आहे. कारण जिथे आपण एकदाही गेलेलो नाही, त्या जागेबद्दल ही गोष्ट आहे.

बोरीबंदर ते ठाणे

आधी अंतरांचा अंदाज घेऊ. पृथ्वीच्या पृष्ठभागापासून केंद्र सुमारे ६,३७१ किलोमीटर खोल आहे. ही खोली आडवी करून रेल्वेच्या रुळांवर टाकू आणि बोरीबंदराहून, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून निघू. १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी इथून ठाण्याला गेली, ते अंतर ३४ किलोमीटर. खंडांखालच्या भूकवचाची जाडी साधारण एवढीच, ३५ ते ४० किलोमीटर असते. म्हणजे ठाणं आलं की भूकवच संपलं. महासागरांच्या तळाशी ते फक्त सहा-सात किलोमीटर असतं. तिथे भायखळ्याच्या पुढे थोडं गेलं की संपलंच. तिबेटच्या पठाराखाली मात्र ते ७० किलोमीटरच्या आसपास जातं.

त्यापुढे सुरू होतं प्रावरण, आणि ते २,८९० किलोमीटर खोलीपर्यंत पसरलेलं आहे. मुंबईहून दिल्लीला जाऊन परत यावं, तरी हे अंतर पुरं होत नाही. पृथ्वीच्या एकूण आकारमानाचा सुमारे ८४ टक्के भाग हे प्रावरणच आहे. भूकवचाचा वाटा एक टक्काही भरत नाही. त्याच्या खाली लोखंड आणि निकेलचा गाभा आहे, पण तो या प्रकरणाचा विषय नाही.

आता माणूस किती खोल गेला ते पाहू. मराठवाड्यातलं तीनशे फुटी बोअर म्हणजे ९० मीटर. आपल्या गाडीने अजून फलाटही सोडलेला नाही. जगातलं सगळ्यात खोल भोक सोव्हिएत संघाने आर्क्टिकजवळच्या कोला द्वीपकल्पावर पाडलं. १९७० साली सुरू झालेलं हे काम १९८९ मध्ये १२,२६२ मीटरवर पोहोचलं. एकोणीस वर्षांत गाडी माटुंगा ओलांडून शीवच्या अलीकडे थांबली. तळाशी सुमारे १०० अंश तापमान अपेक्षित होतं, निघालं १८० अंश सेल्सिअस. तिथला दगड ड्रिलला दाद देईना. खणावं तेवढं भोक मिटू पाहत होतं. आज त्या २३ सेंटिमीटर रुंदीच्या भोकावर एक गंजलेलं झाकण बोल्टांनी आवळलेलं आहे.

कोलाने एक जुनी समजूतही मोडली. वर ग्रॅनाइटचा थर आणि त्याखाली बसाल्टचा, असं खंडांचं भूकवच दोन मजली असतं असं पुस्तकांत लिहिलेलं होतं. कोलाला सातेक किलोमीटरवर बसाल्ट लागायला हवा होता. तो लागलाच नाही. लागला तो उष्णतेने आणि दाबाने बदललेला, भेगाळलेला, पाणी धरून असलेला ग्रॅनाइटी खडक. खंडांचं भूकवच थरांच्या केकसारखं नसून गोधडीसारखं आहे: तुकडे वेगवेगळ्या वयांचे, ठिगळं पुन्हा पुन्हा लावलेली.

कोयनेचं भोक

या गोधडीत आपल्या पायाखाली काय आहे, हे कळण्यासाठी कोयनेला जायला हवं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तिथे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. १९६२ साली धरणात पाणी साठू लागल्यानंतर या भागात धक्के सुरू झाले होते, ते आजही थांबलेले नाहीत. धरणाच्या पाण्यामुळे होणाऱ्या भूकंपांचं जगातलं हे सगळ्यात जास्त अभ्यासलेलं ठिकाण आहे. हे भूकंप बहुतेक दहा किलोमीटरच्या आतच होतात, म्हणजे भूकवचाच्या वरच्या, ठिसूळ भागात. म्हणूनच इथे भोक पाडून आत डोकावण्याचा प्रकल्प केंद्र सरकारने हाती घेतला आणि त्यासाठी कराडला प्रयोगशाळा उभी राहिली. २०१७ मध्ये गोठणे इथलं प्रायोगिक भोक तीन किलोमीटर खोल गेलं.

त्यातून वर आलेले दगडाचे नमुने क्रमाने मांडले, तर एक वेगळंच वाचन घडतं. पहिले १,२४७ मीटर काळा पाषाण. एकावर एक बसलेले लाव्हाचे थर, कुठे घट्ट, कुठे फुगे येऊन गेलेला आणि पांढऱ्या खनिजांनी भरलेला. आपल्याकडे याला मांजऱ्या म्हणतात. थरांच्या मध्ये बोअरवाल्याला लागतो तोच तांबडा गेरू. एक लाव्हा थंड झाला आणि पुढचा येईपर्यंत मधे बराच काळ गेला, तेव्हा त्याच्या माथ्यावरचा थर ऊन-पावसात कुजून तांबडा झाला. गेरू म्हणजे दोन उद्रेकांमधली विश्रांती.

आणि मग १,२४७ मीटरवर काळा रंग संपतो. त्याखाली थेट फिकट, गुलाबी-करडा, पट्ट्यापट्ट्यांचा ग्रॅनाइट आणि नाइस. मधे वाळूचा खडक नाही, चुनखडी नाही, काहीच नाही. वरचा दगड साडेसहा कोटी वर्षांचा, खालचा दोनशे कोटींहून अधिक वर्षांचा. जणू पोथीतली मधली पानं कुणी फाडून नेली आणि उरलेली दोन टोकं एकमेकांना चिकटवली. कर्नाटकात आणि सिंधुदुर्गाच्या काही भागांत उघडा पडलेला तो प्राचीन खडक सह्याद्रीच्या खालून असा पसरत गेलेला आहे. महाराष्ट्र काळ्या दगडाचा आहे हे खरं, पण तो काळा दगड म्हणजे जुन्या घराच्या जमिनीवर अंथरलेली सतरंजी आहे. सतरंजी सव्वा किलोमीटर जाडीची; तिच्याखालचं घर पस्तीसेक किलोमीटर खोल.

आतला रस्ता आणि हायवे

पण हे पस्तीस किलोमीटर मोजले कुणी? भोक तर तीनवर थांबलं.

इथे कथा क्रोएशियात जाते. ८ ऑक्टोबर १९०९ रोजी झाग्रेबच्या दक्षिणेला कुपा नदीच्या खोऱ्यात भूकंप झाला. झाग्रेबच्या वेधशाळेचे संचालक आंद्रिया मोहोरोविचिच यांनी युरोपभरच्या केंद्रांकडून नोंदी मागवल्या. भूकंपाची पहिली लहर केंद्रापासून दूर जाते तशी उशिरा पोहोचावी, हे साधं गणित. पण त्यांच्या तक्त्यांत काही अंतरापलीकडे प्रत्येक ठिकाणी एका लहरीऐवजी दोन लहरी दिसत होत्या. एकच भूकंप, एकाच जातीची लहर, आणि दोनदा हजेरी!

कुणालाही समजेल असं याचं उत्तर आहे. साताऱ्याजवळच्या एका गावाहून पुण्याजवळच्या दुसऱ्या गावाला दोन जण निघाले. एकाने सरळ आतला रस्ता धरला. दुसरा आधी वाकडी वाट करून हायवेला लागला. अंतर थोडं असेल तर आतल्या रस्त्याने गेलेला आधी पोहोचतो. अंतर मोठं असेल तर हायवेवाला वाकडी वाट करूनही त्याला गाठतो आणि मागे टाकतो. मोहोरोविचिच यांनी ताडलं, की काही लहरी भूकवचातूनच सेकंदाला सहाएक किलोमीटर वेगाने येत आहेत, तर काही खाली उतरून आठ किलोमीटरच्या जवळपास वेगाने धावून पुन्हा वर येत आहेत. म्हणजे खाली कुठेतरी हायवे आहे: वेगळा, अधिक घट्ट दगड. त्यांच्या हिशोबाने त्या ठिकाणी ही सीमा ५४ किलोमीटरवर होती. १९१० साली त्यांनी हे छापलं. भूकवच आणि प्रावरण यांच्या त्या सीमेला त्यांच्या नावावरून जग आज 'मोहो' म्हणतं.

महाराष्ट्राखालचा मोहोही असाच ऐकून काढलेला आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात कोकणातून घाटमाथ्यावर दोन रेषा आखल्या. एक गुहागर ते चोरोची, दुसरी केळशी ते लोणी. त्या रेषांवर भोकांमध्ये स्फोट घडवायचे आणि दूरवर मांडलेल्या यंत्रांनी त्यांचा खालून येणारा प्रतिध्वनी टिपायचा. उत्तर आलं, मोहो ३६ ते ४० किलोमीटरवर. पृथ्वीच्या पोटातलं माणूस बहुतेक असंच शिकला आहे. टरबूज पिकलंय का ते बोटाच्या टिचकीने बघावं, तसं.

ओळंब्याची चूक

ऐकण्याआधी एकदा माणसाने पृथ्वी वजन करूनही पाहिली होती, आणि ती आपल्याच देशात. एकोणिसाव्या शतकात भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणात मध्य भारतातलं कल्याणपूर आणि हिमालयाच्या पायथ्याकडचं कलियाना या दोन ठिकाणांमधलं अंतर दोन रीतींनी काढलं गेलं. एकदा जमिनीवर साखळी आणि त्रिकोणांनी, एकदा आकाशातल्या ताऱ्यांवरून. दोन्हींत ५.२३६ विकला, म्हणजे कोनाचे सेकंद, इतका फरक निघाला. जमिनीवर हा फरक १६० मीटरच्या आसपास भरतो. इतक्या काटेकोर कामात एवढी तूट म्हणजे लाजच.

कोलकात्याचे धर्मोपदेशक आणि गणिती जॉन प्रॅट यांनी दोष हिमालयावर टाकला. ताऱ्यांचा वेध घेताना उभी रेषा ठरवायला ओळंबा लागतो, गवंड्याकडे असतो तसाच. हिमालयासारखा प्रचंड डोंगर आपल्या गुरुत्वाकर्षणाने तो ओळंबा किंचित स्वतःकडे ओढणारच. प्रॅट यांनी हिमालयाचं वस्तुमान धरून ही ओढ मोजली, तर फरक १५.८८५ विकला यायला हवा होता. प्रत्यक्षात होता त्याच्या एक तृतीयांश. आता प्रश्न उलटा झाला: हिमालय इतका कमी का ओढतो? तो काय आतून पोकळ आहे?

१८५५ मध्ये इंग्लंडचे राजखगोलज्ञ जॉर्ज एअरी यांनी उत्तर दिलं. नदीत सोडलेले सागवानी ओंडके पाहा. जो ओंडका पाण्यावर जास्त उंच दिसतो, तो पाण्याखालीही जास्त खोल असतो. हिमालयाच्या खाली हलक्या दगडाचं मूळ असंच खोल बुडालेलं आहे, आणि त्याने तिथला जड दगड बाजूला सारला आहे. म्हणून वरच्या डोंगराची जास्तीची ओढ खालच्या तुटीने बरीचशी फिटते. आकडे याला दुजोरा देतात: ग्रॅनाइटी भूकवच पाण्याच्या २.७ पट जड, बसाल्ट २.९ ते ३ पट, तर प्रावरणाचा माथा ३.३ पट. हलकं जडावर तरंगतं. खंड उंच आणि समुद्रतळ खोल असण्याचं कारणही हेच.

या तरंगण्याचा एक परिणाम सह्याद्रीलाही लागू होतो. होडीतून माल उतरवला की होडी वर येते. पावसाने डोंगर धुऊन त्याची माती कृष्णा-गोदावरीतून आणि कोकणातल्या खाड्यांतून समुद्रात गेली, की भार हलका होतो आणि जमीन हळूहळू वर सरकते. इतकी कोटी वर्षं पाऊस झोडपत असूनही घाटमाथा सपाट झालेला नाही, यात या उचलण्याचाही हात आहे.

घन, तरी वाहणारं

मग लगेच शंका येते. तरंगायचं तर खाली पातळ काहीतरी हवं. म्हणजे लाव्हाचा समुद्र आलाच की!

नाही. याचा पुरावा भूकंपाच्या दुसऱ्या जातीच्या लहरींनी दिला. १८९७ च्या आसामच्या महाभूकंपाचा अभ्यास करताना भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी भूकंपाच्या लहरींच्या जाती वेगळ्या ओळखल्या. त्यातली एक दगडाला पुढे-मागे दाबत जाते, तर दुसरी त्याला दोरीसारखी आडवी हलवत जाते. ही दुसरी लहर द्रवातून जाऊच शकत नाही, कारण पाण्याला आडवं हलवलं तर ते परत जागेवर यायचा हट्ट धरत नाही. आणि ही आडवी लहर प्रावरणातून थेट २,८९० किलोमीटरपर्यंत व्यवस्थित आरपार जाते, अडते ती गाभ्यापाशी. म्हणजे प्रावरण घन आहे. काही ठिकाणी दगडाच्या कणांमधे वितळलेल्या रसाचा अंश झिरपलेला असतो, तेवढाच.

पण हा घन दगड वाहतो, आणि यात विरोधाभास नाही. गुळाची ढेप आठवा. ती फोडायला बत्ता लागतो, कपच्या उडतात. तीच ढेप दमट हवेत कोपऱ्यात पडून राहिली, की काही आठवड्यांत बसते, कडेने पसरते. घाईने मारलं तर दगड, सवड दिली तर काकवी. प्रावरणाचं तसंच. भूकंपाची लहर सेकंदांत निघून जाते, तिच्यासाठी ते पोलादासारखं घट्ट. हजारो-लाखो वर्षांच्या दाबापुढे मात्र त्याच्या स्फटिकांमधले दोष सरकत जातात आणि सगळा दगड रांगू लागतो. हिमयुगात स्कँडिनेव्हियावर किलोमीटरभराहून अधिक जाडीचा बर्फ होता. तो वितळून हजारो वर्षं झाली, तरी बर्फाच्या ओझ्याने दबलेली जमीन स्वीडन-फिनलंडच्या किनाऱ्यावर आजही वर्षाला आठ-नऊ मिलिमीटर वर येते आहे. खालचं प्रावरण सावकाश परत भरतं आहे.

इथे आणखी एक गल्लत दूर करू. आपण म्हणतो, भूकवचाचे तुकडे सरकतात. सरकतात ते भूपट्ट. आणि भूपट्ट म्हणजे भूकवच अधिक त्याच्या बुडाला चिकटलेला प्रावरणाचा थंड, ताठ भाग. दोन्ही मिळून शिलावरण, जाडी शंभर किलोमीटर किंवा त्याहून जास्त. त्याखालचा थर अधिक तापलेला आणि मऊ, म्हणून त्याचं नाव दुर्बलावरण. मोहो ही दगडाची जात बदलण्याची सीमा आहे. सरकण्याची सीमा तिच्या बरीच खाली आहे.

खाली जावं तसं तापतं. भूकवचात दर किलोमीटरला २५ ते ३० अंश. कोकणात तुरळ-राजवाडी, उन्हवरे किंवा ठाण्याकडे वज्रेश्वरी इथली गरम पाण्याची कुंडं पाहून लोकांना खाली ज्वालामुखी असल्याची शंका येते. तिथे ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी भेगांमधून खोल उतरतं, तिथल्या नेहमीच्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. पृथ्वीतून सतत बाहेर पडणाऱ्या या उष्णतेतली सुमारे निम्मी युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांच्या किरणोत्सर्गातून येते. उरलेली पृथ्वी जन्मली तेव्हाची शिल्लक आहे. प्रावरणाच्या तळाशी तापमान ३,५०० अंशांच्या वर जातं. तरीही दगड वितळत नाही, कारण तिथला दाब आपल्या हवेच्या दाबाच्या १३ लाख पट आहे. इतक्या दाबाखाली कणांना सुटं व्हायला जागाच मिळत नाही.

वितळण्याऐवजी खनिजं आपली मांडणी बदलतात. वरच्या प्रावरणात मुख्य खनिज ऑलिव्हिन, शेवाळी हिरव्या रंगाचं. ४१० किलोमीटरच्या आसपास दाबाखाली त्याचे अणू अधिक दाटीने बसतात, आणि ६६० किलोमीटरवर पुन्हा. खालच्या प्रावरणात सगळ्यात जास्त असलेल्या खनिजाला, म्हणजे पृथ्वीवर सर्वाधिक असलेल्या खनिजाला, २०१४ पर्यंत अधिकृत नाव नव्हतं. कारण नैसर्गिक नमुना हाती असल्याशिवाय नाव देत नाहीत. तो नमुना शेवटी पृथ्वीच्या पोटात नाही, तर आकाशातून पडलेल्या एका उल्केत सापडला. खनिजाला नाव मिळालं ब्रिजमनाइट.

कुकरची शिट्टी

प्रावरण घन असेल, तर सह्याद्री ज्यातून झाला तो लाव्हा आला कुठून?

स्वयंपाकघरातला कुकर घ्या. आत पाणी १२० अंशांच्या आसपास असतं, तरी दाबामुळे द्रवच राहतं. गॅस बंद करून एकदम शिट्टी उचलली, तर दाब उतरतो आणि पाणी भसाभसा उकळतं. नवी उष्णता दिलेली नसते, फक्त दाब काढलेला असतो. प्रावरणातला तापलेला दगड हळूहळू वर सरकतो तेव्हा नेमकं हेच होतं. दाब कमी होत जातो, आणि घन राहण्याची सक्ती सुटते. तोही सगळा वितळत नाही, थोडाच वितळतो. त्यातला जो भाग लवकर वितळतो, तो रस दगडाच्या कणांमधून वेगळा होऊन वर चढतो. लोणी कढवल्यावर तूप वेगळं व्हावं तसा हा रस मूळ दगडापेक्षा वेगळा असतो. तो म्हणजे बसाल्ट, आपला काळा कातळ.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारत आजच्या जागी नव्हता. तो हिंदी महासागरात आजच्या रियुनियन बेटाखालच्या तप्त प्रवाहावरून उत्तरेकडे सरकत होता. तेव्हा भेगांमधून जे बाहेर पडलं, ते आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेलं आहे. त्याचा बहुतांश भाग दहा लाख वर्षांच्या आतच ओतला गेला. काही लाव्हा तर वाहत वाहत आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत पोहोचले. भूशास्त्रज्ञ या थरांना आपल्याच गावांची नावं देतात: जव्हार, इगतपुरी, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. जव्हारचा थर सगळ्यात जुना, महाबळेश्वरचा त्यामानाने नवा. ही यादी म्हणजे ट्रेकवाल्याची डायरी वाटावी, पण तो आहे भूकवचाचा मजल्यामजल्याचा हिशोब.

भारत पुढे सरकत गेला, खालचा तप्त प्रवाह मागे राहिला आणि समुद्रात बेटांची रांग उमटवत गेला: लक्षद्वीप, मालदीव, छागोस, मॉरिशस आणि शेवटी रियुनियन, जिथला ज्वालामुखी आजही जागा आहे. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर राबायला कोकणातून जी माणसं मॉरिशसला गेली, त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणवतात. त्यांनी ऊस लावण्याआधी शेतातून वेचून ढिगांनी रचलेले काळे दगड त्यांना परके नव्हते. रत्नागिरीचा कातळ आणि मॉरिशसचा कातळ एकाच झऱ्याचे, मधे फक्त काही कोटी वर्षं.

खालून आलेली पत्रं

मोहो ओलांडून प्रावरण अजून कुणी गाठलेलं नाही. १९६१ मध्ये अमेरिकेने मेक्सिकोजवळच्या समुद्रात, जिथे भूकवच पातळ आहे तिथे, मोहोपर्यंत भोक पाडायचा प्रकल्प सुरू केला. साडेतीन किलोमीटर पाण्याखाली जाऊन तळात १८३ मीटर खणलं, आणि १९६६ मध्ये पैसा बंद झाला. पण पृथ्वी स्वतःच अधूनमधून नमुने पाठवते. घाईने वर येणारा लाव्हा वाटेतल्या भिंतींचे तुकडे तोडून सोबत आणतो. मुरूड-जंजिऱ्याच्या परिसरात काळ्या दगडाला छेदून गेलेल्या डाइकच्या भिंतींत खोल भूकवचाचे असे तुकडे सापडले आहेत. कच्छमध्ये भुजच्या आसपासच्या टेकड्यांत थेट प्रावरणाचे हिरवे तुकडे आहेत. तळहातावर घेतला तर असा तुकडा खडीसाखरेसारखा दाणेदार दिसतो, फक्त रंग कच्च्या पेरूचा. पन्ना इथल्या खाणीतले हिरे दीडशे किंवा अधिक किलोमीटर खोलीवर तयार होऊन वर आले आहेत. ब्राझीलमधल्या एका हिऱ्यात २०१४ साली रिंगवुडाइटचा बारीकसा कण मिळाला. हे खनिज ५०० किलोमीटरच्या खालचं, आणि त्याच्या वजनात दीड टक्क्याच्या आसपास पाणी बांधलेलं होतं. बातम्यांनी 'पृथ्वीच्या पोटात महासागर' अशी हाळी दिली. पण ते पाणी वाहतं नाही; स्फटिकाच्या रचनेत अडकलेलं आहे.

कधीकधी प्रावरण स्वतःच वर सरकून समुद्रतळाशी येतं. अटलांटिक महासागराच्या मधोमध अशा एका उंचवट्यावर २०२३ मध्ये संशोधकांनी १,२६८ मीटर खोल खणून प्रावरणाच्या खडकाची आजवरची सगळ्यात लांब कांडी वर काढली. पाण्याने बदललेली, सापाच्या कातडीसारखी हिरवी-काळी.

आणि काही पत्रं इतकी मोठी असतात की ती दिसतच नाहीत. कन्याकुमारीच्या दक्षिणेला समुद्राचा पृष्ठभाग आदर्श पातळीपेक्षा तब्बल १०६ मीटर खाली आहे. जहाजांना ते कळत नाही, कारण उतार शेकडो किलोमीटरवर पसरलेला आहे. तिथे गुरुत्वाकर्षण थोडं कमी पडतं म्हणून पाणी खोलगट बसलं आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०२३ मध्ये याचं कारण मांडलं: आफ्रिकेखालच्या प्रावरणाच्या तळातून सरकत आलेला तप्त, हलका दगड या भागाच्या खाली पसरलेला आहे. पायाखाली हजारो किलोमीटरवर काय चाललंय, याचा ठसा वरच्या समुद्राच्या पाण्यावर उमटतो.

तिकडे वस्तीवर बोअर साडेतीनशे फुटांवर थांबलेलं असतं. पाणी लागलं असेल तर चहा, नसेल तर मालक गप्प. गर्दी पांगते. तांबड्या आणि करड्या भुकटीचे ढीग रांगेने पडलेले असतात, आणि त्यातली प्रत्येक चिमूट कधीकाळी प्रावरण होती.

त्या पोराला मिळालेलं उत्तर पूर्ण बरोबर होतं. कातळाखाली कातळच आहे, २,८९० किलोमीटरपर्यंत.